अर्थिंगची पिन

भिवंडीत गिटार वाजवणाऱ्या पोरापोरींच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळेची एक पिन दिसते. तीन पिनांच्या प्लगमधली वरची, जाड आणि लांब पिन. ती पहिल्यांदा ज्याच्या गळ्यात होती तो सव्विसाव्या वर्षी गेला. ती पक्कडीने तोडून काढणारा मी. एवढं सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल मला मान मिळतो. गेली आठ वर्षं दरवर्षी त्याच्या आठवणीत पोरं जमतात, मला पहिल्या रांगेत बसवतात, शाल देतात. घरी अशा आठ शाली आहेत. एकही अंगावर घेतलेली नाही. दोन शब्द बोला म्हणून माईक पुढे करतात तेव्हा मी हात हलवून नको म्हणतो. लोकांना वाटतं, म्हातारा भावुक झाला.

जे माहीत नाही ते आता लिहितो आहे. माझं वय चौऱ्याहत्तर. आणखी थांबून चालणार नाही.

मी जवळच्या शेलार गावचा. भिवंडीतल्या एका लूमच्या कारखान्यात मी वायरमन होतो. मालक जुन्या कोकणी मुसलमान घराण्यातले, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. त्यांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाने गिटार घरी आणलं तेव्हा शेठ त्याला म्हणाले, "ही घरघर घरात नको." मग तो शुक्रवारी कारखान्यात यायला लागला. शुक्रवारी लूम बंद असत. नमाज झाली की तो चप्पल दाराशी काढून अनवाणी आत यायचा, दोन लूमच्या मधल्या जागेत स्टूल टाकून बसायचा. मला मेंटेनन्ससाठी शुक्रवारीच ड्युटी असे. म्हणून त्याचा पहिला श्रोता मी.

त्याचं वाजवणं मला आधी कळलंच नाही. मग एका शुक्रवारी स्टार्टर उघडून बसलो होतो आणि एकदम वाटलं, कोणीतरी लूम चालू केला. मान वर केली तर तो हसत होता. सहा दिवस जो खटाक-खटाक आमच्या कानात बसायचा तोच त्याने तारांवर उचलला होता.

"काका, तुमचे सगळे लूम बेसूर आहेत. तेरा नंबरचा तेवढा सुरात चालतो."

"तेरा नंबरचा उद्या तुझ्या बापाला सांगून स्टेजवर नेऊन ठेव," मी म्हणालो.

"ठेवला असता. पण तो माझ्यापेक्षा जास्त भाव खाईल."

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं धोट्याचं. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन लूममध्ये या टोकापासून त्या टोकाला पळणारी लाकडी नळी. 'इधर से मारा, उधर गया' असं त्याचं धृपद होतं. मधली कडवी मराठीत, त्याच्या घरच्या बोलीत, आणि कारागिरांच्या हिंदीत. तोपर्यंत मोठ्या आवाजाचं गाणं म्हणजे परदेशातलं काहीतरी, असं आम्ही समजत होतो. त्याने आमच्याच कारखान्यातला गोंगाट आम्हाला परत ऐकवला. पुढे अंबाडीपासून अंजूरपर्यंत जी पोरं गिटार घेऊन उभी राहिली, ती सगळी त्या एका ठोक्यावर उभी आहेत. आजही रिक्षात ते गाणं लागतं. मी रिक्षा थांबवून उतरतो आणि उरलेलं अंतर चालत जातो.

त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून एक घरघर यायची. वाजवायचा थांबला तरी ती चालूच. तो वैतागायचा. एका शुक्रवारी म्हणाला, "काका, हिला मारा ना काहीतरी."

इथे आमच्या कामाची एक खोड सांगितली पाहिजे. लूमच्या अंगातून करंट झिणझिणायला लागला आणि कारागीर ओरडला, "वायरमन, करंट मारता है," तर काम थांबवून दोष शोधायचा, हा नियम. पण दोष शोधायला दोन तास लागतात आणि मुकादम डोक्यावर उभा असतो. मग आम्ही लूमपुढे लाकडी फळी टाकायचो, कारागिराला रबरी चप्पल घालायला सांगायचो आणि लूम चालू. लूम थांबता कामा नये, एवढीच आमची विद्या. दोष जागेवर राहायचा, तक्रार बंद व्हायची.

तसंच मी केलं. घरघर अर्थिंगमधून येते हे मला कळलं. कारखान्याचं अर्थिंगच खराब होतं. ते दुरुस्त करायचं सोडून मी प्लग काढला आणि वरची पिन पक्कडीत धरून तोडली. प्लग परत लावला. शांतता.

तो उठून उभा राहिला. त्याने एकच तार छेडली आणि ती विरेपर्यंत ऐकत राहिला. मग त्याने मला मिठीच मारली. "काका, जादू!" जमिनीवरची पिन त्याने उचलली, लूमवरचा काळा दोरा तोडून तिला बांधला आणि गळ्यात घातली. नंतर इतर पोरं आपापले प्लग घेऊन माझ्याकडे यायला लागली. मी अभिमानाने पिना तोडत गेलो.

वर्षभराने तो गेला. अंजूरकडे एक नवीन गोडाऊन बांधून झालं होतं, मालकाने कार्यक्रमाला जागा दिली होती. संध्याकाळचे पाच वाजले असतील. कोब्याला पाणी मारून ठेवलं होतं, जमीन ओली होती. तो नेहमीसारखा अनवाणी. माईक आणि स्पीकर मंडपवाल्याचे, त्यांचं अर्थिंग व्यवस्थित होतं. मी स्विचबोर्डापाशी होतो. गिटारवर हात ठेवून त्याने माईकला ओठ लावले आणि तिथेच चिकटला. लोकांना वाटलं, त्याची काहीतरी अदा आहे. टाळ्या पडल्या. मी मेन स्विच पाडला. किती सेकंद गेले, मला सांगता येत नाही. मी धावलो तेव्हा उशीर झाला होता.

अ‍ॅम्प्लिफायरच्या आत ट्रान्सफॉर्मरची तार जळून पत्र्याला टेकली होती. करंट गिटारच्या तारांतून त्याच्या अंगात आला आणि माईकमधून जमिनीत गेला. हे मी नंतर उघडून पाहिलं. पिन जागेवर असती तर फ्यूज उडाला असता. कार्यक्रम दहा मिनिटं थांबला असता, पोरांनी माझी टर उडवली असती, एवढंच.

गर्दी त्याला उचलून गाडीत घालत होती तेव्हा मी काय केलं? मी खिशातला नवा प्लग काढला, तीन पिनांचा, आणि जुन्याच्या जागी बसवला. तिन्ही स्क्रू नीट आवळले. ते मला अजून आठवतं.

पोलिसांनी विचारलं, "तू वायरमन ना? कसं झालं?" शेजारी हॅलोजनची वायर पडली होती, तिचा जोड उघडा होता. मी तिकडे बोट दाखवलं. "हिला हात लागला असेल." साहेब म्हणाले, "असा कसा लागेल? प्यायला होता का?" त्यांनीच वाट करून दिली आणि मी त्या वाटेने गेलो. म्हणालो, "हो. वास येत होता." कागदावर शेवटी फक्त विजेच्या धक्क्याने मृत्यू एवढंच आलं. दारू कागदावर आली नाही, पण जवळ चार माणसं उभी होती, त्यांनी ऐकली. दफनाला आलेली माणसं कबरस्तानाच्या दाराशी हळू आवाजात तेच बोलत होती.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने दार लावून घेतलं. "आता तोंड उघडू नका. पोरा लहान हायती," म्हणाली. ती घाबरली होती. तिला मी दोष देत नाही. तिने नुसतं दार लावलं, आत मी स्वतःच्या पायांनी गेलो होतो.

तीन महिन्यांनी शेठच्या घरी ट्यूबलाइट लावायला गेलो. स्टुलावर उभा होतो. त्याची आई खाली येऊन उभी राहिली.

"भाऊ, एक विचारू? तुम्ही जवळ होतात. तो खरंच प्यायला होता?"

मी ट्यूबकडेच बघत राहिलो.

"मी त्याच्या कपाळाला ओठ लावले," ती म्हणाली, "मला वास नाही आला. म्हणून विचारते."

मी म्हणालो, "होता."

"बरं," ती म्हणाली. मी उतरलो तर स्टूल धरून तीच उभी होती, मी पडू नये म्हणून.

त्यानंतर त्या गल्लीतून जाणं मी सोडलं. कारखाना त्याच गल्लीत, म्हणून वळसा घालून मागच्या दाराने जायचो. शेठ गेले, लूम विकले गेले, मी रिटायर झालो, वळसा राहिला. इकडे त्याचं नाव मोठं होत गेलं. पोरांनी त्याच्या दारूचंही गाणं केलं. काही जण स्टेजवर चढण्याआधी मुद्दाम दोन घोट घेतात, 'उस्तादांची रीत' म्हणून. त्याने आयुष्यात चहाशिवाय काही घेतलेलं मी पाहिलं नाही. आणि गळ्यात पिना. प्रत्येक पिनेमागे एक तोडलेला प्लग कुठेतरी भिंतीत लावलेला आहे, हे दिसत असूनही मी शाल घेऊन घरी येत राहिलो. प्लग बदला म्हणावं, तर का ते सांगावं लागेल. का ते सांगावं, तर बाकीचं सगळं.

गेल्या महिन्यात त्याच्या बहिणीची मुलगी माझ्या दाराशी आली. कॉलेजात आहे. रिक्षातून नवा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आली होती.

"नाना, मामूची घरघर तुम्ही काढलीत. माझीपण काढा. यावर्षी धोट्याचं गाणं मी वाजवणार आहे."

मी म्हणालो, "पक्कड हरवली आहे."

"वायरमनची पक्कड हरवली? असं कधी होतं का, नाना?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःची पक्कड घेऊन आली. कोरी, वर किमतीचं लेबल तसंच. "घ्या. आता चष्मा हरवला म्हणू नका."

मी म्हणालो, हात दुखतो. ती म्हणाली, "बरं, मग कुठली पिन ते फक्त बोटाने दाखवा. मी तोडते." आणि प्लग माझ्यापुढे धरला. जीन्स घोट्यावर गुंडाळून अनवाणी माझ्या फरशीवर बसली होती. मामासारखीच बसते, एक पाय दुमडून. बायको दारातून बघत होती. यावेळी तिने दार लावलं नाही. मला आत बोलावून हळूच म्हणाली, "अवो, सांगून टाका तिच्या आईला. पोरगी मरंल."

मी उठलो, शर्ट घातला आणि प्लग खिशात टाकून त्या गल्लीत गेलो. मुलीला म्हणालो, तू इथेच थांब, आजीने चहा ठेवलाय.

त्याची बहीण आता पन्नाशीच्या पुढे आहे, शेठच्या त्याच घरात राहते. शिलाईचं मशीन पुढ्यात होतं. मी उभ्यानेच सांगितलं, पिनेपासून सुरुवात करून. मशीन थांबलं. प्लग बदलल्याचं सांगितलं, पोलिसांचं सांगितलं, मग ट्यूबलाइटचं सांगितलं. तेव्हा तिने हात वर केला.

"थांबा, काका. अम्मीने तुम्हाला विचारलं होतं?"

"हो."

"आणि तुम्ही होता म्हणालात."

"हो."

ती पुढ्यातल्या कापडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अम्मी त्यानंतर अठरा वर्षं जगली. रोज दुवा मागताना तिचं एकच मागणं असायचं, माझ्या पोराची दारू माफ कर. आम्ही तिला म्हणायचो, अम्मी, दुसरं काही माग. ती म्हणायची, आधी हे."

मी जायला वळलो.

"बसा," ती म्हणाली. "जाऊ नका. मला सांगितलंत, आता पोरीला सांगा. माझ्यासमोर."

तिने फोन करून मुलीला बोलावलं. ती येईपर्यंत अर्धा तास मी त्या खोलीत बसून होतो. माझ्या डोक्यावर तीच ट्यूब होती की दुसरी, कोण जाणे. बहिणीने मला पाणी दिलं नाही. ते बरोबरच होतं.

मुलीने सगळं ऐकलं. रडली, मग डोळे पुसून तिने विचारलं, "मग नाना, घरघर काढायची कशी?"

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या घरचं अर्थिंग तपासायला घेतलं. मागच्या अंगणातला अर्थिंगचा खड्डा पार सुकलेला होता. कोळसा आणि मीठ नव्याने भरलं, पाणी ओतलं, गंजलेली पट्टी बदलली. तीन दिवस लागले. त्यावेळी कारखान्यातही तीनच दिवस लागले असते. घरघर निम्म्याने कमी झाली. उरलेली तशीच आहे. मुलगी म्हणते, असू दे.

हे लिखाण बहिणीच्या सांगण्यावरून केलं. तिने ते वाचलं. पहिल्या पानावर मी 'माझ्या हातून चूक झाली' असं लिहिलं होतं, ते तिने खोडलं. म्हणाली, "चूक पिनेपुरती. बाकीचं तुम्ही केलंत. तसंच लिहा." म्हणून तसं लिहिलं आहे.

येत्या शुक्रवारी पोरं जमणार आहेत. पहिल्या रांगेतली माझी खुर्ची बहिणीला द्यायची, असं ठरलं आहे. सगळ्यांनी आपापले प्लग घेऊन यायचं, असा निरोप मुलीने दिला आहे. का, ते सांगितलेलं नाही. मी नव्या प्लगांची पिशवी भरून ठेवली आहे. बायकोने आठही शाली घडी करून दुसऱ्या पिशवीत घातल्या आहेत, परत देण्यासाठी.

मला उभं राहून हे वाचायचं आहे. पोलीस येतील तर येवोत. मला भीती माईकची वाटते. त्या संध्याकाळनंतर मी माईकला हात लावलेला नाही. मी बहिणीला म्हणालो, माईकशिवाय वाचतो, आवाज मोठा काढीन.

"नाही," ती म्हणाली. "कबरस्तानाच्या दारापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."