गोंजारकाकू आणि पुढच्या ओळीतली रोपं

आमच्या थोरल्या सुनेला गल्लीतली पोरं 'गोंजारकाकू' म्हणतात. दारातलं मांजर असो, पोरांची डोकी असोत की माझं टक्कल, जाता-येता हात फिरवल्याशिवाय बाई पुढे सरकत नाही. "अगं, मी काय मांजर आहे?" म्हटलं की म्हणते, "मांजर बरं, बाबा. ते कुरकुर तरी करत नाही."

ती प्रयोगशाळेत काम करते. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. तिचं ते मास स्पेक्ट्रोमीटर मला समजावता समजावता तिचा चहा गार झाला.

"काटाच समजा, बाबा. पानाचा रस काढायचा, त्यातल्या कणांना विजेचा भार द्यायचा आणि पळवायचं. कोण कसं पळतं त्यावरून कोण किती जड ते कळतं, आणि वजनावरून माणूस ओळखावा तसे ते ओळखायचे."

म्हणजे झाडाने काय घेतलं, त्याचं आत काय केलं, सगळी चहाडी ते यंत्र करतं! मी जाम खूश. आमच्या मास्तरांकडे हे असतं तर दुसऱ्याच्या डब्यातला खाऊ कोणी खाल्ला ते लगेच कळलं असतं आणि मी अख्खी चौथी ओणवा राहून काढली असती.

तर इतकी वर्षं तिने दुसऱ्यांचेच नमुने यंत्रात घातले. यंदा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पहिल्यांदा तिला तिचा स्वतःचा अभ्यास दिला: पाणी तोडल्यावर टोमॅटोचं रोप आतून काय काय बदलतं. पान तोडलं तरी त्याचा कारभार चालूच राहतो म्हणे, म्हणून तोडल्या तोडल्या ते वाफाळत्या अतिथंड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून जागीच गोठवायचं. पोरगी नुसती हवेत होती.

निकाल आले आणि तिचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या ओळीतल्या रोपांत, पाणी दिलेली असोत की तोडलेली, एक पदार्थ भरमसाट निघाला. कीड कुरतडायला लागली की झाड बनवतं, तोच. काचेच्या त्या बंद खोलीत किडीचा मागमूस नाही.

मॅडम म्हणाल्या, "नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल केलीस का गं? कारण सापडलं नाही, तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल."

त्या दिवसांत तिने माझ्या टकलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला अगदी चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

मग एका सकाळी ती रोपांना पाणी घालायला गेली. डोक्यात नळ्यांचाच घोळ. सहज खाली पाहते तो काय, आपला हात पुढच्या ओळीतल्या पानांवरून आपोआप फिरतोय! मागच्या ओळीपर्यंत तो पोचतच नव्हता. रोजचं गोंजारणं म्हणजे त्या बिचाऱ्या रोपांना वाटलं, आला कोणीतरी खायला!

बाईने लगेच बोभाटा केला नाही. नवी रोपं घेतली, अर्धी गोंजारली, अर्ध्यांना बोट लावलं नाही. यंत्राने चहाडी केलीच. गोंजारलेल्यांतच तो पदार्थ.

ती मॅडमकडे गेली. "मॅडम, कीड सापडली."

"कुठे गं?"

"ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

मॅडम डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. पण सूट नाही दिली हो! जुनी पानं सगळी बाद. पुन्हा बी पेरण्यापासून सुरुवात. अभ्यास मात्र तिच्याकडेच राहिला.

आता ती त्या खोलीत हेडमास्तरांसारखी हात मागे बांधून शिरते, आणि पाणी लांब नळीने घालते. दिवसभराचं सगळं साठवून संध्याकाळी घरी येते.

मी टोपी काढून दारातच बसलेला असतो.