पहिल्या हाकेला ओ

धायरीत आमच्या शेजारी मंदाकिनीबाई उजागरे राहत. शाळेतल्या क्लार्क, निवृत्त, एकट्या. भेटल्या की ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे ‘सलाम’ म्हणणार आणि रविवारी पांढरी साडी नेसून पेठेतल्या चर्चला जाणार. माझाही देवावर विश्वास आहे, पण तो नावं घेऊन हाका मारत फिरतो, यावर नाही.

त्यांना मात्र हाका येत. पहिल्यांदा आली तेव्हा त्या दुपारी मेथी निवडत होत्या. रिकाम्या स्वयंपाकघरातून कुणीतरी स्पष्ट ‘मंदा’ म्हणालं आणि डोळ्यांपुढे यमुनाबाई उभ्या राहिल्या. यमुनाबाई त्यांच्याच चर्चच्या मंडळीतल्या, मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या. पण मंदाकिनीबाईंच्या आईची शिकवण अशी, की माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो, भूत मारत नाही. घराण्याने बाप्तिस्मा घेऊन दोन पिढ्या झाल्या होत्या, भुतं मात्र घरातच राहिली होती. दुसरी हाक आली. बाई तिसरीची वाट बघत मेथी निवडत राहिल्या. ती आलीच नाही.

संध्याकाळी कळलं, यमुनाबाई बाथरूममध्ये पडून गेल्या. दुपारभर त्या आतून दार ठोठावत होत्या. खालच्यांना वाटलं, कुणाकडे तरी सुताराचं काम चाललंय.

त्यानंतर मंदाकिनीबाईंनी प्रभूला शब्द दिला, की यापुढे पहिल्या हाकेलाच उठेन. आणि त्या उठत. एकदा मंडईत माझ्याबरोबर वांगी घेताना मधेच थांबल्या, हवेत बघून ‘ओ’ म्हणाल्या आणि पिशवी माझ्या हातात कोंबून खराडीच्या बसकडे धावल्या. भाजीवाला माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. खराडीत त्यांचा भाचा पुष्कर राहतो; हाकेबरोबर त्याचाच चेहरा दिसला होता. नुकतीच नोकरी गेलेली. तो गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसलेला सापडला. त्या दिवसापासून माझी थट्टा आटली. खरं सांगायचं तर त्यांच्या घरी बसायची मला भीतीच वाटायला लागली.

गेल्या महिन्यात चहाला बोलावलं म्हणून गेले. भर दुपार, बाहेर ऊन. बोलता बोलता त्या स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या. आत कुणी नव्हतं. मला तरी काही ऐकू आलं नाही, पण अंगावर काटा आला.

“आली?” मी विचारलं.

“आली. पण या वेळी चेहराच दिसला नाही हो कुणाचा.”

आम्हा दोघींनाही एकदमच कळलं, या वेळी बोलावणं त्यांचंच होतं. मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यभर असल्या गोष्टींना हसणारी मी गयावया करायला लागले, की या वेळी ओ देऊ नका, तिसरी येईपर्यंत थांबा.

“भीती मलाही वाटतेय, सुरुचीताई,” त्या म्हणाल्या. “पण थांबले होते ना एकदा.”

मग त्या रिकाम्या दाराकडे तोंड करून, पदर सारखा करून हळूच म्हणाल्या, “ओ. आले.”

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. पाळकसाहेब म्हणाले, प्रभूने बोलावलं. दोघांचंही खरं असेल. मला मात्र अजून राग येतो. हात मी धरला होता, आणि ‘आले’ त्या दुसऱ्याच कुणाला म्हणाल्या.