एक्केचाळिसाव्या क्रमांकाच्या बदल्यात

२०१८ सालच्या ऑक्टोबरची सतरा तारीख, बुधवार. टेसी झामिटच्या घरात त्या दिवशी तीन जीव राहत होते: ती स्वतः, तिचा नवरा साल्वू, आणि कॉर्बिन हॅदर्ली. तिसऱ्याने पुढे कुठे राहायचे, हे संध्याकाळपर्यंत ठरणार होते, आणि ते ठरवण्याचा अधिकार त्याला नव्हता.

टेसी लहानपणी आईबापांबरोबर माल्टाहून आली आणि मेलबर्नच्या पश्चिमेला, मॅरिब्रुकमध्ये वाढली. शाळा सुटल्यावर ती इथल्या टायरच्या कारखान्यात लागली आणि कारखाना बंद होईपर्यंत रबराच्या पट्ट्या कापत राहिली. तो बंद होणार असल्याची बातमी कामगारांना रेडिओवरून समजली. त्यानंतर तिने दुसरी नोकरी धरली नाही. मॅरिब्रुकचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा क्लब मात्र सोडला नाही.

सामन्याच्या आधी आमचे खेळाडू ज्या अवाढव्य कागदी फलकातून धावत मैदानात शिरतात, तो फलक दर आठवड्याला तिच्या देखरेखीखाली तयार होतो. गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या जुन्या सभागृहात चाळीसेक माणसे गुडघ्यांवर बसून कागदाच्या पट्ट्या चिकटपट्टीने जोडतात, त्यांवर हिरवी अक्षरे डकवतात. शनिवारी तो कागद दोन खांबांमध्ये उभा राहतो आणि पहिल्याच खेळाडूच्या छातीने फाटतो. याची कुणाला हळहळ वाटत नाही. ते काम करताना टेसी कुणाचीही भीड ठेवत नाही. वाकडी पट्टी दिसली की ती उखडते, मग ती लावणारा क्लबचा अध्यक्ष का असेना.

तिचे दुसरे काम घरातले. क्लब देशाच्या चारही टोकांतून अठरा वर्षांची मुले निवडतो, आणि पहिली काही वर्षे ती इथल्या कुटुंबांत राहतात. झामिट पतिपत्नींना मूल नाही. ही गोष्ट टेसीने कधी लपवली नाही आणि तिच्यावर कधी बोललीही नाही. कॉर्बिन त्यांच्याकडे आला तो पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या मुलखातून, विमानाने चार तासांच्या अंतरावरून. तो इतका उंच होता की त्याचे पाय पलंगाबाहेर जात. साल्वूने पलंगाच्या पायथ्याशी एक बाकडे जोडून दिले, आणि तीन वर्षे तो त्यावर पाय टाकून झोपला.

त्याच्या उंचीचीच क्लबला गरज होती. पंच चेंडू उंच उडवतो तेव्हा उडी मारून तो आपल्या माणसांच्या दिशेने ढकलणारा एक धिप्पाड खेळाडू प्रत्येक संघाला लागतो. आमच्या जुन्या धिप्पाड खेळाडूचा गुडघा गेला होता. कॉर्बिनशिवाय दुसरा कोणी नव्हता.

ऑक्टोबरात सामने संपलेले असतात आणि क्लब एकमेकांशी माणसांची अदलाबदल करतात. हा व्यवहार पैशांत होत नाही. नव्या मुलांची निवड वर्षाच्या शेवटी क्रमाने होते; त्या रांगेतला आपला क्रमांक द्यायचा आणि माणूस घ्यायचा, किंवा माणूस द्यायचा आणि क्रमांक घ्यायचा. जितका लहान आकडा, तितका चांगला मुलगा. या दिवसांत मॅरिब्रुकमध्ये न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, बोची या गोळे फेकण्याच्या खेळाच्या मैदानावर हीच चर्चा असते. या चर्चेच्या भाषेत दयामाया नसते. पूर्वी टीव्हीवरच्या जाहिरातीत एखादी वस्तू घेतली की सुऱ्यांचा एक संच फुकट मिळत असे; त्यावरून मोठ्या सौद्यात वरकड म्हणून टाकल्या जाणाऱ्या खेळाडूला आमच्याकडे 'सुऱ्या' म्हणतात. हा शब्द टेसीइतका सहज कुणाच्याच तोंडी नव्हता. कोण विकावा, कोण ठेवावा, कुणाची तिशी उलटल्यावर किंमत उतरते, हे ती कागद कापता कापता सांगे आणि बहुधा बरोबर सांगे.

या भाषेला निव्वळ क्रौर्य म्हणणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ज्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या कामाबद्दल कुणी कधी काही विचारले नाही, ज्यांची नावे एका यादीतून एका सकाळी गळाली, त्यांना वर्षातून दोन आठवडे दुसऱ्यांच्या याद्या करता येतात. त्या अधिकारात समाधान असते. तो अधिकार खोटा आहे, असे आम्ही सगळे समजून होतो. त्या बुधवारी तो काही मिनिटांपुरता खरा ठरला.

अदलाबदलीच्या शेवटच्या दिवशी फलकवाले सभागृहात जमतात. खांब पुसायचे, उरलेला कागद गुंडाळून ठेवायचा, आणि रेडिओ ऐकायचा, असा रिवाज आहे. कॉर्बिनने घरी जाण्याची परवानगी मागितल्याचे तोवर सर्वांना ठाऊक झाले होते. त्याच्या आईला असा रोग जडला होता की तिचे हात, मग पाय, एकेक करून निकामी होत होते. पश्चिमेकडचा क्लब त्याच्या बदल्यात एक्केचाळिसावा क्रमांक देऊ करत होता. आमचा क्लब पंचविसाव्यावर अडून बसला होता. संध्याकाळी मुदत संपेपर्यंत कुणीच नमले नाही, तर कॉर्बिनला आणखी दोन वर्षे इथेच काढावी लागणार होती, कारण त्याने तसा करार केलेला होता.

"पंचविसाच्या पुढचं काहीही घ्यायचं नाही," लेस्टर डन्फी म्हणाला. लेस्टर हा निवृत्त टॅक्सीवाला, आणि अर्धे सभागृह त्याच्या मताने चालते. "घाई त्यांना आहे, आपल्याला नाही. पोरगा बांधलेला आहे."

"त्याची आई आजारी आहे, लेस्टर," थुय म्हणाली. ती औषधांच्या दुकानात काम करते आणि फलकावरची अक्षरे कापते.

"माझीही आई आजारी होती. मी टॅक्सी चालवत होतो."

"तू टॅक्सी चालवत होतास म्हणूनच आजारी पडली असेल ती."

हशा पिकला. लेस्टरही हसला, पण मुद्दा सोडायला तो तयार नव्हता. "हसा. एक्केचाळिसाव्याला काय मिळतं सांगू? दूध आणायला पाठवला तर दही घेऊन येईल असला पोरगा."

"मग सुऱ्या म्हणून टाका त्याला कुठल्या तरी मोठ्या सौद्यात," खांब पुसणारा कुणी तरी म्हणाला.

अशा वेळी टेसीकडे बघायची सर्वांना सवय होती. ती कागदाची गुंडाळी दोऱ्याने बांधत होती.

"काय गं टेसी, आज गप्पशी? तोंडात पास्टिझीचा घास आहे का?" लेस्टरने विचारले.

"तुझ्या तोंडात असती तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे रॉस किन्नेअर होता, आमच्या क्लबच्या फुटबॉल विभागाचा प्रमुख. त्याने टेसीला फोन करण्यामागे एक जुना प्रकार होता. दोन वर्षांपूर्वी क्लबने लोकांचा लाडका कर्णधार मातीमोलाने दिला, तेव्हा मोसमाच्या पहिल्या सामन्याला टेसीच्या माणसांनी एकही अक्षर नसलेला पांढरा फलक उभारला. खेळाडू त्या कोऱ्या कागदातून धावले आणि साऱ्या देशाने ते टीव्हीवर पाहिले. तेव्हापासून मोठा निर्णय घेण्याआधी किन्नेअर सभागृहाचा अंदाज घेत असे.

टेसीने फोन सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"टेसी, एक्केचाळीसपेक्षा चांगला क्रमांक ते देत नाहीत," किन्नेअर म्हणाला. "मी हो म्हटलं तर एप्रिलमध्ये मला कोरा कागद बघावा लागेल का?"

"माझं मत हवंय की सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"मग दहा मिनिटं थांब."

"एवढाच वेळ आहे माझ्याकडे."

"म्हणूनच तेवढा मागितला."

तिने फोन बंद केला आणि उभी राहिली. ती भाषण करणाऱ्यांतली नव्हे. तिने लेस्टरकडे बघतच बोलायला सुरुवात केली.

"जूनमध्ये त्या पोराने मला स्वयंपाकघरात विचारलं. एजंट दोन वर्षांच्या सहीसाठी मागे लागलाय, करू की थांबू? म्हणाला, आईचे हात बरे नाहीत, काय आहे ते डॉक्टरांना कळत नाहीय. थांबला असता तर आज तो मोकळा असता, कुणाला विचारायचं कारण नव्हतं. मी म्हटलं, सही कर. माणसाच्या पायाखाली जमीन पाहिजे."

"बरोबरच सांगितलंस," लेस्टर म्हणाला.

"ऐकून घे. जमीनबिमीन मी तोंडाने म्हणत होते. डोक्यात जुन्याचा गुडघा होता. हा गेला तर चेंडू कोण ढकलणार, एवढंच होतं डोक्यात. त्याने त्याच्या घरातल्या बाईला विचारलं, आणि मी उत्तर दिलं ते मैदानातल्या, गोलमागच्या माझ्या खुर्चीवरून."

थुयने रेडिओ बारीक केला.

"म्हणजे बांधलंस तू," लेस्टर सावकाश म्हणाला, "आता सोडवणार तू, आणि भुर्दंड आम्ही सोसायचा?"

"हो. सगळ्यांनी. आपण म्हणजेच क्लब, असं दर शनिवारी ओरडतोस ना? मग त्याला बांधून ठेवून जे मिळणार होतं ते आपल्या सगळ्यांनाच मिळणार होतं. मी काय ते एकटी घरी नेणार होते?"

"आणि एप्रिलमध्ये उंच माणूस आणणार कुठून?"

"नाही आणणार. हरू."

"हरू म्हणे."

"लेस्टर, हरायची सवय नाही असं तू कुणाला सांगतोयस? मी तुझ्या शेजारीच बसते."

या वेळचा हशा आधीच्यापेक्षा लहान होता. टेसीने हात वर करायला सांगितले नाहीत. लेस्टरने मान हलवली तर बाकीचे ऐकतील, हे तिला माहीत होते. म्हणून तिने त्यालाच विचारले. त्याने खांबाचे टोक फडक्याने घासले.

"एप्रिलमध्ये कागद कोरा ठेवायला मी येणार नाही," तो म्हणाला. "पण हे मला पटलेलं नाही. तेही सांग त्याला."

"सांगते."

तिने किन्नेअरला दोन्ही गोष्टी सांगितल्या, त्याच क्रमाने. मुदत संपण्याच्या जरा आधी रेडिओवर बातमी आली: मॅरिब्रुकचा हॅदर्ली पश्चिमेकडे, बदल्यात एक्केचाळिसावा क्रमांक. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेस्टर म्हणाला, "दही," आणि खांब कपाटात ठेवायला गेला.

तो निर्णय क्लबच्या फायद्याचा होता, असे टेसीने तेव्हाही म्हटले नाही आणि नंतरही नाही. पुढच्या मोसमात आमच्याकडे उडी मारणारा माणूस नव्हता आणि त्याची फळे आम्ही मैदानावर पाहिली. एक्केचाळिसाव्या क्रमांकावर आलेला मुलगा थोडे सामने खेळून परत गेला. मे महिन्यात कॉर्बिन पश्चिमेच्या संघातून आमच्याविरुद्ध खेळायला आला तेव्हा अर्ध्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. लेस्टर त्यांत नव्हता. तिकडचा प्रशिक्षक पोराला वाया घालवतोय म्हणून तो सबंध सामनाभर चिडलेला होता. कॉर्बिनची आई त्याच वर्षी हिवाळ्यात वारली. तो तिच्याजवळ होता.

क्लबसाठी हरणे आणि क्लबसाठी एखाद्याला हरायला लावणे या दोन गोष्टींत फरक आहे. मॅरिब्रुकमध्ये तो फरक त्या संध्याकाळी मान्य झाला, नाखुशीने का होईना. ते शहाणपण कुणा प्रमुखाकडून किंवा नियमातून आले नाही. एका बाईने आपल्याच माणसांसमोर उभे राहून स्वतःवर ठपका ठेवला, म्हणून ते आले. आजही गुरुवारी ती वाकड्या पट्ट्या उखडते, ऑक्टोबरात कुणाची किंमत किती ते सांगते, आणि तिचा अंदाज बहुधा बरोबर असतो. 'सुऱ्या' हा शब्द तिने टाकलेला नाही. पण एखाद्याचे नाव तशा सौद्यात आले, की तो कुणाच्या घरी राहतो हे ती आधी विचारते.

त्या बुधवारी ती घरी पोहोचली तेव्हा साल्वूने ओव्हनमधून मॅकरोनी काढली होती आणि कॉर्बिन दारातच उभा होता. त्याने वाकून तिला मिठी मारली.

"किन्नेअरने सांगितलं मला," तो म्हणाला. "तू बोललीस म्हणून झालं. जूनमध्येही तू माझ्याच भल्याचं सांगितलं होतंस. आईचं असं होणार हे कुणाला माहीत होतं?"

"जेवून घे," टेसी म्हणाली.

तो जेवला आणि दुसऱ्या दिवशी विमानाने गेला. दर नाताळला तो फोन करतो, आईसारखं सांभाळलंस म्हणतो, आणि ती ते ऐकून घेते. जूनमधला सल्ला तिने कुणासाठी दिला होता, हे सभागृहातल्या सगळ्या माणसांना माहीत आहे. कॉर्बिनला माहीत नाही. ते त्याला सांगायचे बाकी आहे.