आमच्या प्रतिनिधीकडून

आमच्या साप्ताहिकात आम्ही अडीच माणसं. संपादक कात्रीकाका, मुद्रितं तपासणारी मी आणि अर्धा दिवस येणारा टाइपसेटर. प्रसिद्धिपत्रक आलं की काका त्यातलं वरचं ‘सुप्रसिद्ध’, ‘अग्रगण्य’ छाटायचे, खालचे आभार उडवायचे आणि माथ्यावर लिहायचे : ‘आमच्या प्रतिनिधीकडून’. झाली बातमी! म्हणून ते कात्री. प्रतिनिधी असा कोणी नव्हताच. “गुणी माणूस,” काका म्हणायचे, “पगार मागत नाही, रजा घेत नाही, एकाच वेळी दोन उद्घाटनांना हजर.” मी खो-खो हसायचे. आता त्या हसण्याचा राग येतो.

एकदा रंगाच्या कारखान्याचं पत्रक आलं : किरकोळ वायुगळती, परिस्थिती नियंत्रणात. पानात दोन ओळींची जागा उरत होती. काकांनी बसल्या जागी भर घातली, ‘आमच्या प्रतिनिधीने पाहणी केली तेव्हा सर्व कामगार सुखरूप बाहेर आले होते.’ मी ‘पाहणी’ची पहिली वेलांटी दुसरी केली आणि पान छपाईला सोडलं.

अंक निघाल्यावर तीन दिवसांनी एक बाई कात्रण घेऊन आली.

“हे प्रतिनिधी भेटतील का? माझे मिस्टर त्या दिवसापासून घरी आले नाहीत. कंपनी म्हणते, बाहेर पडले. यांनी पाहिलंय ना? कुठल्या बाजूला वळले, एवढंच विचारायचंय.”

काकांची बोबडी वळली. “तो... बाहेरगावी गेलाय.”

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशीही. दाराजवळच्या बाकावर बसायची आणि जिन्यात पाऊल वाजलं की उठून उभी राहायची. हळूहळू काकाही दचकायला लागले. ती गेल्यावरसुद्धा मला विचारायचे, “कोण आलं गं?”

“कोणी नाही, काका.”

“जिना वाजला की.”

मला ती खोली नकोशी झाली होती. चौथ्या दिवशी काका तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. “बाई, आमच्याकडे प्रतिनिधी नाही. दोन ओळी कमी पडत होत्या, म्हणून मीच लिहिलं.”

ती ओरडली नाही. पिशवी उचलत म्हणाली, “म्हणजे ते आतच असतील.”

आम्ही तिघं कारखान्यावर गेलो. गळती झालेल्या भागाला कुलूप होतं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने खिशातून आमचंच कात्रण काढलं. “सगळे बाहेर आलेत, साहेब. पेपरात छापून आलंय.”

“ते मीच लिहिलंय.”

“मग तुम्हाला ठाऊकच आहे की!”

काकांनी त्याच्यासमोर हात जोडले. शेवटी मी पोलिसांना बोलावलं आणि संध्याकाळी कुलूप उघडलं. तिचा नवरा आतल्या बाजूने दाराला टेकून बसलेला होता.

पंचनामा आटोपल्यावर फाटकाबाहेर तिने काकांना विचारलं, अगदी हळू आवाजात, “त्या दोन ओळी कोऱ्या सोडल्या असत्या तर चाललं नसतं का हो?”

“चाललं असतं,” काका म्हणाले.