खिडकीकडचे माठ

"हे बघा, आडातच नाही तर पोहोऱ्यात कुठून येणार? तुमच्या पोरीला उत्तर येत नाही म्हणजे येत नाही. मी काय तिच्या डोक्यात हात घालून काढू?"

"अहो बाई, दिवाळं निघाल्यासारखं काय बोलता? परवापरवापर्यंत आड तुडुंब भरला होता की! दाराकडं बसायची तेव्हा तुम्हीच म्हणालात, पोर चुणचुणीत आहे. उंची वाढली म्हणून तुम्हीच तिला उचलून खिडकीकडं बसवलं, अन् महिनाभरात ती माठ झाली. अक्कल काय खिडकीतून उडून गेली?"

इस्त्रीवाली शाळेच्या व्हरांड्यात उभी होती. डाव्या मनगटावर जुना चटका, पदर कमरेला खोचलेला, अन् आवाज असा की कपड्याची घडी आपोआप पडावी. समोर गणिताच्या बाई. पोरं त्यांना मागून तोफबाई म्हणायची. बाई पाढे म्हणायला लागल्या की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा उत्तरं लिहून घ्यायची.

"खिडकीचं वारंच वाईट," तोफबाई म्हणाल्या. "तिकडं बसलं की पोरांचं लक्ष रस्त्यावर. मी काय, अनुभवानं सांगते."

अनुभव दांडगा होता, त्यात वाद नाही. वर्ग लांबट. दाराकडं एक रांग, मधे एक, खिडकीकडं एक. खिडकीखाली गॅरेज, अन् तिथला पत्रे ठोकणारा सकाळपासून हातोडा घेऊन कुणाच्या तरी गाडीचा सूड घेत असायचा. दरवर्षी दाराकडची पोरं हुशार निघायची, मधली बरी, अन् खिडकीकडची माठ. पोरं नवी, बाक तेच, माठ तिथंच. कुणालाही शंका आली असती. तोफबाईंना आली नाही, कारण शंका यायची तर माणसाला आधी स्वतःकडं बघावं लागतं, अन् बाईंची नजर कायम पुढं.

अन् यंदा प्रकरण नुसत्या शिव्यांवर भागणारं नव्हतं. मोठ्या सरांनी फर्मान काढलं होतं की शनिवारपर्यंत प्रत्येकानं आपल्या वर्गातले ढ सांगायचे. त्यांची वेगळी तुकडी होणार, मैदानामागच्या पत्र्याच्या खोलीत. शिकवायला कवायतीचे सर. कवायतीच्या सरांचं गणित एक, दोन, एक, दोन, त्याच्या पुढं कधी गेलं नव्हतं. त्या खोलीत गेलेलं पोर परत वर्गात आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. बाईंच्या मनात नावं पक्की होती, खिडकीकडची अख्खी रांग. त्यात इस्त्रीवालीची पोरही.

"एकदा रांगा उलट्या करून बघा," इस्त्रीवाली जाता जाता म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं."

ही टाचणी बरोबर लागली. बाई तणतणत वर्गात शिरल्या अन् म्हणाल्या, "उठा! दाराकडचे खिडकीकडं, खिडकीकडचे दाराकडं. कळू दे एकदा त्या इस्त्रीवालीला."

दप्तरं घासली, बाक सरकले, दोघांची भांडणं झाली. बाईंनी प्रश्न टाकला. दाराकडून इस्त्रीवालीच्या पोरीनं खाडकन उत्तर दिलं, बरोबर. बाई म्हणाल्या, लागलं असेल अंदाजानं. दुसरा प्रश्न टाकला. तिच्या शेजारच्या, वर्षभर मुका समजल्या गेलेल्या पोरानं उत्तर दिलं, तेही बरोबर. त्या वर्गातल्या पोपटाकडं वळल्या. हा पोपट म्हणजे वर्गाची शान, प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा. आता तो खिडकीकडं होता.

पोपट उभा राहिला. खाली हातोडा चालूच. पोपटाचे ओठ हलले.

"काय रे, तूही माठ झालास? तोंड उघड!"

"बाई, तिसऱ्यांदा सांगतोय," पोपट किंचाळला. तेवढं मात्र ऐकू आलं.

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

लहानपणी त्यांना गालफुगी झाली होती. गाल उतरला, पण जाताना डावा कान घेऊन गेला. नोकरीच्या मुलाखतीला त्या खुर्ची तिरकी करून बसल्या होत्या, अन् तेव्हापासून तो कान पदराआड होता. माहेरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही असा त्यांचा समज. फळ्याजवळ पोरांकडं तोंड करून उभं राहिलं की तो दगडी कान नेमका खिडकीकडं. तिकडचं पोर बोललं की शब्द हातोड्यातून वाट काढत, बाईंच्या डोक्याला वळसा घालून उजव्या कानापर्यंत पोचेस्तोवर वाटेतच मरायचा. अन् बाई म्हणायच्या, माठ.

संध्याकाळी घरी शिंपीदादा, म्हणजे त्यांचा नवरा, तोंडात टाचण्या धरून मशीनवर बसला होता. बाईंनी सगळं सांगितलं.

"अहो, माझा कान इतका गेलाय, हे तुम्हाला कधी जाणवलं नाही?"

शिंपीदादानं टाचण्या काढून ठेवल्या. एवढा मान तो गिऱ्हाइकालाही देत नसे.

"अगं, जाणवायचं काय त्यात? मला जे काही तुझ्याबद्दल बोलायचं असतं ते मी त्याच बाजूला बसून बोलतो. म्हणून तर आपला संसार टिकला."

"काय बोलता हो तुम्ही?"

"आता या बाजूनं विचारतेस, मग कसं सांगू?"

बाईंनी उशी फेकून मारली. मग म्हणाल्या, "मोठ्या सरांना सांगितलं तर ते वर्ग काढून घेतील. नकाशांच्या खोलीत झाडू मारत बसवतील."

"नाही सांगितलंस तर?"

"पोरं पत्र्यात जातील."

"मग तुझं तू बघ," शिंपीदादा म्हणाला. "पण मोठ्या सरांच्या समोर बसलीस तर उजवा कान पुढं कर. शिव्या तरी नीट ऐकू येतील."

शनिवारी बाई मोठ्या सरांसमोर उभ्या राहिल्या. "ढ एकच आहे," म्हणाल्या, "अन् ती मी. माझ्या वर्गातून कुणालाही पाठवायचं नाही. माझा डावा कान बंद आहे. खिडकीकडचं मला कधी ऐकूच आलं नाही."

मोठे सर खुर्चीतून अर्धे उठले. "इतकी वर्षं? अहो, मग तुमच्याकडं वर्ग ठेवायचा कसा?"

"तुमचा चष्मा काढला तर तुम्हाला समोरची भिंत दिसत नाही, सर. तुमच्याकडं शाळा ठेवलीय ना?"

शिपाई दारात हसला अन् खोकल्यावर निभावलं. मोठ्या सरांचे कान मात्र दोन्ही लाल झाले.

"वार्षिक परीक्षा होऊ दे," ते म्हणाले. "खिडकीकडची पोरं नापास झाली तर ती पत्र्याच्या खोलीत अन् तुम्ही नकाशांच्या."

"कबूल," बाई म्हणाल्या, अन् बाहेर येऊन भिंतीला धरून उभ्या राहिल्या. तोफ झाली तरी गाडा लाकडीच.

सोमवारी त्यांनी वर्गाला सांगितलं, "पोरांनो, मला या कानानं ऐकू येत नाही."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "माहितीय, बाई."

"माहितीय? कुणाला?"

सगळ्यांचे हात वर. वर्षभर हात वर न करणाऱ्यांचेसुद्धा. खिडकीकडच्या जागेला म्हणे भाव होता. एका मांजा गुंडाळलेल्या फिरकीच्या बदल्यात शेवटचा बाक मिळायचा, कारण तिथं बसून निवांत गप्पा मारता यायच्या. आपखुशीनं गेलेल्यांची मजा होती. मरण होतं ते इस्त्रीवालीच्या पोरीसारख्यांचं, बसवलं म्हणून बसलेल्यांचं.

"मग तू सांगितलं का नाहीस गं?" बाईंनी तिला विचारलं.

"सांगत होते की, बाई. त्या बाजूनं."

बाईंनी टेबल ओढत नेऊन खिडकीच्या कोपऱ्यात लावलं, डावा कान भिंतीला, सगळा वर्ग उजवीकडं. अन् हात वर करणं, ओरडून उत्तर देणं बंद. प्रश्न विचारला की प्रत्येकानं पाटीवर उत्तर लिहायचं अन् सगळ्यांनी एकदम पाटी वर धरायची. कान दगाबाज असला तरी डोळे शाबूत होते. पोपटाला हे अजिबात आवडलं नाही. आपलं उत्तर सगळ्यांच्या उत्तरांबरोबर वर जातंय, हा त्याला शुद्ध अन्याय वाटला. दोनदा तर त्याची पाटी चुकली, अन् आजवर त्याच्या आवाजामागं काय काय खपून गेलं होतं ते बाईंना कळलं.

परीक्षा झाली. आधी खिडकीकडं बसणारी बहुतेक पोरं पास झाली. दोघं खरंच माठ निघाले, पण स्वतःच्या कर्तबगारीवर, बाईंच्या मेहेरबानीवर नव्हे. मोठे सर त्या दोघांना न्यायला आले तर बाई दारात आडव्या झाल्या. "माठ तर माठ. माझ्या डोळ्यांसमोर राहू दे. निम्मा दोष माझाच आहे, शिकवून फेडते. अन् अख्खी रांग नापास झाली असती तर मी नकाशे झटकायला गेलेच असते की." मोठ्या सरांनी चष्मा पुसला अन् निघून गेले.

इस्त्रीवाली पुन्हा एकदा आली, या खेपेला दाराबाहेरूनच. "काय बाई, आडात पाणी आलं म्हणे?"

"पाणी होतंच. दोर माझा आखूड होता," बाई म्हणाल्या. "जा आता, कपडे जळतील तुमचे."

खाली पत्रेवाल्यानं हातोडा उचलला. बाईंनी खडू घेतला, फळ्यावर भागाकार मांडला, अन् शेजारच्या दोन वर्गांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चला, पाट्या वर! ए पोपट, शेजारच्याचं बघू नकोस."