काकूंच्या पायांसाठी

"उठा, पाय मोकळे करा. बसून बसून मानसाचं पोतं होते."

लग्नाचा मांडव असो की कॉलनीची मीटिंग, थोडा वेळ झाला की आमचे शेजारचे काका असं म्हणत सगळ्यांना उठवायचे. अकोला-अचलपूर एसटीवर कंडक्टर म्हणून त्यांचा जन्म उभ्यानेच गेला होता. असा एखादा काका तुमच्याही गल्लीत असेल.

त्यांची मुलगी अमेरिकेत. तिला भेटायला काका पहिल्यांदा एकटेच गेले आणि विमानात खिडकीजवळच्या जागेत अडकले. शेजारचे दोघं गाढ झोपलेले. त्यांना उठवायचा संकोच वाटला म्हणून काका तसेच बसून राहिले. उतरताना पाय इतके सुजले होते की बूट चढेनात. मोज्यांवरच बाहेर आले.

पुढे मुलीला दिवस गेले. बाळंतपणाला आई जवळ हवी, असं तिला फार वाटत होतं. पण काकूंच्या पायांच्या शिरा फुगलेल्या; बाजारात जाऊन आलं तरी घोटे सुजायचे. "तुमी जा. माये पाय नाई टिकत," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन रडल्या. काकांना ते ऐकू आलं.

ते काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी घट्ट, लांब मोजे दिले. पाणी पीत राहा, अधूनमधून चाला, असं सांगितलं. मग काकांच्या अंगणात विमान उभं राहिलं. तीन खुर्च्या चिकटून, पुढे आणखी तीन. मी आणि माझी बायको प्रवासी. बायकोने पुढच्या खुर्चीतून मागे रेलायचं, काकूंनी अडचणीत बसल्या बसल्या टाचा वर-खाली करायच्या, मग उठून फाटकापर्यंत जाऊन यायचं. जागा त्यांना कडेची, काकांना मधली. कमरेमागे ठेवायला काकांनी कापूस भरून छोटी उशीही शिवून घेतली. सुरुवातीला काकू नुसत्या हसायच्या. नंतर मनावर घेतलं.

विमानातली हकिकत परत आल्यावर काकूंनीच सांगितली. पलीकडच्या रांगेत एक गुजराती आजी गुडघे धरून बसल्या होत्या. काकांनी त्यांना काकूंसोबत चालायला लावलं. हळूहळू मागे आणखी म्हातारी माणसं लागली. तेवढ्यात हवाईसुंदरी जेवणाची गाडी ढकलत आली. काका सगळ्यांना बाजूला घेत तिला म्हणाले, "मॅडम, तुमी पह्यले जा. आमची साधी गाडी हाये."

विमानतळावर मुलगी आधी आईच्या गळ्यात पडली नाही. अवघडल्या पोटानिशी वाकून तिने आईचा घोटा अंगठ्याने दाबून पाहिला. सुजेचा खळगा पडला नाही. मग मात्र दोघी रडल्या. काका पाठ फिरवून बॅगा नीट लावत राहिले.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मुलगी चिमुकलीला घेऊन एकटीच आली. तिला आणायला मी नागपूरला गेलो होतो. लेकरू मांडीवर झोपलं होतं, म्हणून विमानात एकदाही उठले नाही, असं ती गाडीत म्हणाली.

घरी पोचल्यावर काकूंनी तिला पलंगावर बसवलं. स्वतः खाली बसल्या, तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले आणि कोमट तेल लावून चोळू लागल्या. भेटायला माणसं जमली होती. त्यांना अंगणातच थांबायला सांगून मी दार ओढून घेतलं.