सुडोकूची डावी बाजू

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यात उभा जन्म त्यांनी ग्राफ भरण्यात घालवला. ग्राफ म्हणजे चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून चादरीची नक्षी काढायची. मोर असो की वेल, डोकं लावून काढायचा तो डावा अर्धा. उजवा त्याच्यावरूनच उलटा उतरवायचा. कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि अण्णा घरी बसले. तेव्हापासून रोज सकाळी पेपरातलं सुडोकू, तेही पेनने. खोडरबर दिला तर त्यांना राग यायचा.

गेल्या वर्षी ते घराचा रस्ता चुकायला लागले. डॉक्टर म्हणाले, "सुडोकू सुटतंय ना? मग इतक्यात घाबरू नका." झालं, मी त्या एका वाक्याला घट्ट धरून बसले.

आणि एका सकाळी बघते तर डावीकडच्या चार उभ्या रांगा बिनचूक, आणि उजवीकडे तेच आकडे आरशात दिसावेत तसे उलट्या क्रमाने. छापलेल्या आकड्यांवरसुद्धा पेन फिरवलेलं.

"अहो अण्णा, एका ओळीत एक आकडा एकदाच येतो की!" मी खेकसले.

"मग नक्षी कशी जुळायची?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. कसली चेष्टा! रोज समजावलं, रोज "व्हय की, व्हय की" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर मी पेपर त्यांच्या हातातून हिसकावून टराटरा फाडला. लाज वाटते मला अजून.

मग मी त्याहून वाईट केलं. दुसरा पेपर आणून सुडोकू मी स्वतः सोडवायचे आणि ती कात्रणं त्यांची म्हणून डॉक्टरांना दाखवायच्या फाईलला लावायचे. डॉक्टरांना कसलं, स्वतःलाच फसवत होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी फाईल चाळली आणि एक कोरं सुडोकू अण्णांपुढे ठेवलं. अण्णांनी झरझर भरलं. आधी डावं, मग उलटं उजवं.

"मग ही कात्रणं कुणाची?" डॉक्टरांनी मला विचारलं.

अण्णांनी फाईल ओढून घेतली, एकेक कात्रण नीट पाहिलं. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी डॉक्टरांना हात जोडले.

"साहेब, हिची एकबी नक्षी जुळत न्हाय. पण पोरगी नवीन हाय, शिकंल. कामावरनं काढू नका."